कोरडा पुठ्ठा

पुठ्ठ्यावर पुन्हा डाग होता. काल संध्याकाळीच त्याने नवाकोरा पुठ्ठा गाडीखाली सरकवला होता, पंख्याच्या खोक्याचा, आतून गुळगुळीत, कुठे ओरखडाही नसलेला. आणि आता दात घासता घासता खाली येऊन वाकून पाहिलं तर बरोबर मधोमध वाटीच्या बुडाएवढा काळा, ओला, चकाकणारा डाग. ब्रश तोंडात तसाच राहिला. फेस हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळला तेव्हा कुठे त्याला भान आलं. डाग दिसला त्या क्षणी पोटात काहीतरी सैल झालं होतं, घट्ट बसलेला नट पहिल्यांदा हलावा तसं. राग असणार, असं त्याने ठरवून टाकलं आणि कोपऱ्यातल्या नळावर चूळ भरली.

"गळतेय का?" वरून सासऱ्यांचा आवाज आला.

"गळतेय," तो म्हणाला.

काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज तेवढा आला. मागच्या जन्मीचं पाप म्हणतात ते हेच असावं, असं त्याला वाटलं: सकाळी उठून आपल्याच तोंडाने आपली शिक्षा वाचून दाखवायची आणि ऐकणाऱ्याने हूं की चूं करायचं नाही.

घर वर होतं, गॅरेज खाली. सासऱ्यांचे गुडघे गेले आणि हात थरथरायला लागले तेव्हापासून ते जिना उतरत नसत; फाटकाच्या वरच्या खिडकीत खुर्ची टाकून बसत. पण बसत म्हणजे नुसते बसत नसत. खाली कुणी गाडी चालू केली की वर बसून त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं इंजिनातलं टॅपेट सैल आहे का, पट्टा ओरडतोय का, आणि जावई पाना नीट धरतोय का. काठी आपटली की त्याने हातातलं काम थांबवून वर बघायचं. कधी कधी काठी नुसतीच पडलेली असे, तरी तो वर बघे. त्या गॅरेजचा एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होता: गळकी गाडी या फाटकाबाहेर जाणार नाही. ब्रेक बघायला आलेली गाडी ऑइल गळतं म्हणून इथे अडकून पडायची. गिऱ्हाईक चिडायचं, पुन्हा येणार नाही म्हणायचं आणि पुन्हा यायचं. 'आपली घाण दुसऱ्याच्या रस्त्यावर सांडायची नाही,' सासरे म्हणत. 'मागून दुचाकीवर कुणाचं तरी लेकरू येत असतं.' बोलणं लाख मोलाचं होतं. त्याला स्वतःलाही हा नियम आवडायचा. दुसऱ्यांच्या गाड्या अडकत होत्या तोवर.

मागच्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमधून त्याला फोन आला होता. फोरमनची जागा होती, राहायला दोन खोल्या. जेवताना त्याने विषय काढला, तोही तीनदा पाणी पिऊन. बायको ताटाकडे बघत राहिली. सासऱ्यांनी तोंडातला घास सावकाश चावला, गिळला आणि म्हणाले, "जा की, जावईबापू. चांगलं आहे. माझी काळजी करू नका, हिची आत्या येऊन राहील. आणि ही आपली गाडी घेऊन जा, तुम्हालाच दिली. मला आता कशाला लागते? फक्त थोडी गळतेय ती. तेवढी गळती काढा आणि सुखाने जा." म्हणजे अडवलंही नाही आणि सोडलंही नाही. त्याने भांडायची तयारी केली होती, मनातल्या मनात वाक्यं घासूनपुसून ठेवली होती, आणि म्हाताऱ्याने गाडीच काढून हातात ठेवली. बसने जाता आलं असतं. तसं तो बायकोला म्हणालाही. ती म्हणाली, "बाबांनी एवढी जिवापाड जपलेली गाडी दिली, आणि आपण ती फाटकात सोडून बसने जायचं? काय वाटेल त्यांना?" झालं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. उद्या रविवार होता. सोमवारी सकाळी तो हजर झाला नाही तर दुसरा माणूस बघू, असं वर्कशॉपवाल्याने अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

गाडी त्याने जॅकवर घेतली, खाली सरकला आणि पाठ थंड फरशीला लावून इंजिनकडे बघत पडला. हे बघणं आता पाठ झालं होतं. आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं होतं, वरचं, सोपं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा ठणठणीत. त्याच दुपारी त्याने वर्कशॉपला येतो म्हणून कळवलं, बायकोने माळ्यावरच्या बॅगा काढून पुसल्या, आणि त्याच्या पुढच्या सकाळी डाग. मग खालच्या चेंबरचं पॅकिंग झालं. मग पुढचं ऑइल सील. एक काढावं तर दुसरीकडून ओलं. ऑइलची खोडच अशी की ते गळतं एकीकडून आणि दिसतं दुसरीकडे. वरून निघतं, कडेकडेने उतरतं, एखाद्या बोल्टच्या टोकाशी जाऊन लोंबतं आणि बघणारा त्या बिचाऱ्या बोल्टला धरतो. हे तो इतरांना शिकवायचा. इतरांच्या गाडीत त्याला हे तासाभरात सापडलं असतं. आपल्या गाडीत तो तीन आठवडे काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होता.

फाटकासमोरच्या दुकानातला शिंपी कापड कापता कापता ओरडला, "काय जावई, अजून गाडीखालीच? आमच्याकडे जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. तुमचा ग्रह बाबा कधी जमिनीवरून उठायलाच तयार नाही!" आणि स्वतःच हसला. तोही खालून हसला. हसलं नाही तर शिंपी दुपारी येऊन समजूत काढत बसला असता. सगळी गल्ली त्याला जावईच म्हणायची. गिऱ्हाइकं म्हणायची, दूधवाला म्हणायचा, सुट्या भागांच्या दुकानात बिलावर 'जावई' असंच लिहायचे. वर्कशॉपवाल्याने फोनवर पूर्ण नाव विचारलं तेव्हा त्याने ते सांगितलं खरं, पण चुकून आपल्या पत्त्यावर आलेल्या दुसऱ्याच कुणाच्या पाकिटावरून वाचल्यासारखं. लग्न झालं तेव्हा त्याचं स्वतःचं एक दुकान होतं रस्त्याच्या कडेला. दुकान कसलं, एक ताडपत्री, दोन जॅक आणि हत्यारांची पेटी. पावसात ताडपत्री पोट फुगल्यासारखी लोंबायची आणि काठीने खालून ढोसून तो पाणी पाडायचा. ते पाणी पडल्याचा आवाज त्याला अजून आठवायचा. तिथे वर कुणी नव्हतं, ताडपत्रीवर नुसतं आभाळ. मग सासऱ्यांचे हात थरथरायला लागले आणि ते म्हणाले, 'चार दिवस हातभार लावा, जावईबापू.' ते चार दिवस अजून संपले नव्हते. म्हातारा वाईट असता तर किती बरं झालं असतं. वाईट माणसाच्या घरातून पळून जाता येतं. पण त्यांनी त्याला कधी अरे-तुरे केलं नाही, कधी पैशाचा हिशेब विचारला नाही, आजारी पडला तेव्हा उशाशी बसून थरथरत्या हाताने पाण्याचा पेला धरला, निम्मं पाणी त्याच्या छातीवर सांडलं. अशा माणसाचा राग येतो म्हणून स्वतःचाच राग यायचा. दोन वर्षांमागे तो एकदा कुणाला न सांगता बसस्टँडपर्यंत गेला होता. खिशात तिकिटापुरते पैसे होते. बाकावर बसून त्याने तीन गाड्या सुटताना पाहिल्या आणि मग परत येताना रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून रबरी पाइपला लावायची एक क्लिप विकत घेऊन आला. 'कुठे गेला होतात?' बायकोने विचारलं. त्याने क्लिप दाखवली. ती क्लिप आता याच गाडीत होती.

दुपारी त्याने शेवटचा उपाय करायचा ठरवला, जो खरं तर पहिला करायला हवा होता. इंजिन रॉकेलने धुतलं, ब्रशने सांधे घासले, फडक्याने टिपून टिपून कोरडं केलं. मग जिन्याखाली उभा राहून हाक मारली, "अगं, तुझी पावडर दे जरा."

बायको डबा घेऊन खाली आली. ती या गॅरेजमध्येच वाढलेली. फ्रॉकमध्ये होती तेव्हा बापाला पाने काढून द्यायची, नट नुसता बघून त्याचं माप सांगायची. लग्नाआधी दोन वर्षं निम्मं काम तीच ओढत होती. मग जावई आला आणि बाप म्हणाला, आता तू वर बघ. ती वर गेली. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही, आणि त्याने कधी विचारलं नाही. गॅरेज आपल्या गळ्यात पडलं याचंच त्याला एवढं दुःख होतं की ते कुणाच्या हातून काढून आपल्या गळ्यात घातलं, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही.

"कशाला पावडर?" तिने विचारलं.

"गाडीला लावायचीय. जिथून गळेल तिथे पावडर काळी होईल. मग कळेल."

तिने डबा त्याच्या हातात ठेवला. मग म्हणाली, "लावा. नटवून ठेवाल, आणि बाहेर न्यायचं कुणाच्या नशिबात नाही." ती हसली नाही. हात पुसायची सवय होती तिला, ओला नसलेला हातही ती पुसायची. तसा पुसत ती वर गेली.

सांध्यासांध्यावर त्याने पावडर उडवली. इंजिन पांढरं झालं. सगळीकडे रॉकेल आणि त्यावर बायकोच्या मानेचा वास असा भलताच प्रकार झाला. गाडी चालू करून तो बॅटरीचा झोत टाकत बघत उभा राहिला. आधी काहीच नाही. इंजिन तापत गेलं. मग टॅपेट कव्हरच्या कडेला एक करडी रेघ उमटली. सापडलं, म्हणून त्याने बॅटरी जवळ नेली तर खाली चेंबरच्या सांध्यालाही तशीच रेघ. मग पुढच्या सीलभोवती. मग डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी, जिथे यापूर्वी कधी थेंबही आला नव्हता. एका जागी नाही, सगळ्या जागी, एकाच वेळी, घाम फुटावा तसं इंजिन ओलं होत चाललं होतं. आणि त्याच्या डोळ्यांसमोर ऑइल मोजायची पट्टी आपल्या नळीतून हळूच बोटभर वर आली. त्याने सवयीने अंगठ्याने ती खाली दाबली, आणि दाबता दाबता त्याचा हात तिथेच थांबला. ही पट्टी तो तीन आठवडे दाबत होता. रोज वर आलेली असायची, रोज तो दाबायचा, एखाद्या मुलाला डोक्यावर हात ठेवून खाली बसवावं तशी. इंजिनच्या पोटात दाब कोंडला होता. पॅकिंगं बिचारी सगळी चांगली होती; आतून इतकं रेटलं जात होतं की कोणतंही पॅकिंग तरलं नसतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तो मार खाणाऱ्याचे कपडे बदलत बसला होता.

इंजिन बंद करून त्याने ब्रीदरच्या पाइपला हात घातला. इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर पडायची ती एवढ्या एका रबरी पाइपातून. त्यावर बसस्टँडवरून आणलेली ती क्लिप होती. क्लिपच्या स्क्रूचं डोकं तो नेहमी वरच्या बाजूला ठेवायचा, पुढच्या माणसाला सोपं जावं म्हणून. आता ते पलीकडे वळलेलं होतं. स्क्रूड्रायव्हर वाकडा धरून त्याने ती सैल केली, पाइप ओढला, आत बोट घातलं. बोटाला कापड लागलं. चिमट्याने ओढलं तसा आतून फुस्स असा लांब उच्छ्वास आला, थेट माणसासारखा. हातात राहिला तो फडक्याचा बोळा, ऑइलने काळा, पण मध्ये दुमडलेल्या जागी अजून निळी फुलं दिसत होती. त्यांच्या जुन्या चादरीची. गॅरेजमधली सगळीच फडकी त्यांच्या जुन्या चादरींची असायची, त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. पण या गॅरेजची दुसरी शिस्त अशी होती की उघडा पाइप फडक्याने बंद करायचा तर फडक्याचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवायचं, म्हणजे विसरायला होत नाही. इथे शेपूट आत ढकललेलं होतं. आणि बोळ्याच्या दोन्ही टोकांना गाठी होत्या. डाळीची पुरचुंडी असो, शिदोरी असो, गोधडीचा दोरा असो, बायको कधी एक गाठ मारून थांबत नसे. दुसऱ्या टोकाला उगाच आणखी एक मारायची. सुटू नये म्हणून, असं ती म्हणायची.

तो गाडीच्या बोनेटखाली डोकं घालून तसाच उभा राहिला. म्हातारा जिना उतरत नाही. आपण तर केलेलं नाही. राहिलं कोण? पहिल्यांदा राग आला, खराखुरा, कानशिलं तापवणारा. तीन आठवडे! फरशीवर पडून पाठ मोडली, हाताची सालं निघाली, आणि ही वरून चहा आणून देत होती, "सापडलं का हो?" म्हणून विचारत होती, बॅगा पुसत होती. सरळ तोंडाने सांगता आलं नसतं, की मला नाही यायचं? आणि मग त्याला दिसलं की नसतं आलं. बापाला सोडून जात नाही म्हणावं तर नवऱ्याच्या वाटेत आडवी आली. जाते म्हणावं तर बापाला त्या खुर्चीत एकटं टाकलं. आणि हे गॅरेज माझं आहे, असं तर या घरात तिला कुणी म्हणूच दिलं नव्हतं, त्यानेही नाही. मग तिने इंजिनकडून म्हणवून घेतलं. तिला जी भाषा येत होती तीत. त्याला जिना चढून तिला खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्या काळ्या बोळ्यावरची गाठ सोडवायलाही हात धजेना. मग, रागाच्या तळाशी जाता जाता, त्याला सकाळचं ते पोटात सैल झालेलं आठवलं. आज एकदाच नाही, रोज सकाळी डाग दिसला की ते सैल व्हायचं. तो राग नव्हता. ती सुटका होती. आज जायला नको, एवढीच, पण सुटका. तिकडे दोन खोल्यांवर कुणी नसेल, कुणी काठी आपटणार नाही, लोक त्याला त्याच्या नावाने हाक मारतील आणि त्या नावाला ओ देणारा माणूस त्याला नव्याने घडवावा लागेल. हे त्याला हवंहवंसं वाटायचं ते गाडी गळत होती म्हणून. बोळा तिने कोंबला होता, पण वर आलेली पट्टी रोज अंगठ्याने कोण दाबत होतं? त्याला तिथल्या तिथे बसावंसं वाटलं. तो बसला नाही. त्याने पाइप जागेवर बसवला, क्लिप आवळली, स्क्रूचं डोकं वर केलं, पावडर पुसली, आणि बोळा पँटच्या खिशात घातला.

रात्री जेवताना कुणी गाडीचा विषय काढला नाही. सासऱ्यांचा चमचा ताटाच्या कडेवर थडथडत होता आणि बायको त्यांच्यापुढे वाटी सरकवत होती, रोजच्यासारखी, न बघता. आत्याचं पत्र आलंय, दम्याने हैराण आहे पण येते म्हणालीय, असं ती म्हणाली. 'येईल, येईल,' सासरे म्हणाले. त्याने कामाचे कपडे नेहमीसारखे बादलीत टाकले. खिसा रिकामा करायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही, असं त्याने मागाहून स्वतःला सांगितलं.

सकाळी तो खाली आला तेव्हा गॅरेजच्या मागच्या दोरीवर फडकी वाळत घातली होती, आणि त्यात शेवटचं ते होतं. धुतलेलं. डाग गेले नव्हते, पण फुलं निळी निघाली होती, आणि दोन्ही गाठी सोडवलेल्या होत्या. गाठी होत्या तिथे कापड अजून चुरगळलेलं होतं. तो ते बघत उभा राहिला. मग वाकून त्याने गाडीखालचा पुठ्ठा ओढला. पुठ्ठा कोरडा होता. त्याने बोट फिरवलं, उलटा करून पाहिला, उजेडात धरला. थेंब नाही. त्याने गाडी चालू केली आणि पुठ्ठा पुन्हा आत सरकवून थांबला. इंजिन इतकं मऊ चालत होतं की त्याला इतक्या दिवसांच्या धापेची लाज वाटली. पट्टी आपल्या नळीत गप्प बसून होती.

जिन्यावर पावलं वाजली. बायको बाहेर जायच्या कपड्यांत होती, केस नीट बांधलेले, दोन्ही हातांत बॅगा. शेवटच्या पायरीवर तिने त्या खाली ठेवल्या. डोळे सुजलेले होते पण चेहरा धुतलेला होता. तिने दोरीकडे बघितलं नाही, गाडीकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघितलं.

"निघायचं ना?" ती म्हणाली. "मी तयार आहे. बाबांना सांगून आलेय."

तिने खरंच सांगितलं होतं. तिचा आवाज एवढा सपाट होता की त्यात खोटं लपायला जागा नव्हती. ती येणार होती. आयुष्यभर त्या दोन खोल्यांत ती त्याला वेळेवर चहा देणार होती आणि कोरडे हात पुसत राहणार होती. फाटक सताड उघडं होतं. समोर शिंप्याचं दुकान अजून बंद, रस्ता सरळ, झाडून काढल्यासारखा रिकामा. एवढी मोकळी वाट त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने वाकून पुठ्ठा बाहेर ओढला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला. तिने पाहिला. कोराच्या कोरा, कोरडा.

वर खुर्ची करकरली. काठी टेकली.

"गळतेय का, जावईबापू?"

'नाही' हा शब्द त्याच्या तोंडात तयार होता. तीन आठवडे तयार होता. त्याने तोंड उघडलं. बायको त्याच्या ओठांकडे बघत होती, आणि तिचा हात आपोआप बॅगेच्या कडीवर गेला होता, उचलायला.

"गळतेय," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, वर नीट ऐकू जावं म्हणून, "गळतेय, बाबा. अजून गळतेय."

बायकोचा हात कडीवरून सुटला. त्याला वाटलं ती रडेल किंवा हसेल किंवा निदान त्याच्या तोंडावर खोटारडा म्हणेल. तिने फक्त पुठ्ठा त्याच्या हातातून घेतला, त्यावर नसलेली धूळ तळव्याने झटकली आणि वाकून पुन्हा गाडीखाली सरकवला. इंजिन अजून चालू होतं, तसंच मऊ, मोकळं, कुठे अडखळत नव्हतं. वर बसलेल्या माणसाला मिटल्या खिडकीतूनही सैल टॅपेट ऐकू यायचं. हे इंजिन त्यांना ऐकू येत नव्हतं असं होऊच शकत नव्हतं. तो वर बघत राहिला.

"बरं," सासरे म्हणाले. "मग फाटक लावून घ्या."

त्याने इंजिन बंद केलं. मग तो फाटकापाशी गेला, एकेक दार ओढलं आणि कडी घातली. त्या फाटकाला कडी आतूनच होती.